तारा लख्ख असताना

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावानं आभाळातला एक तारा आपला मानला होता. दिवेलागणीला तो दिसायचा. कधी लख्ख, कधी विझत आल्यासारखा. त्याला ना तिथीचा धरबंध, ना वाराचा. तारा मंदावला की लोक म्हणायचे, गावात कुणीतरी पाप केलं. मग सुभाना पाटील चावडीवर बसून पापी शोधायचा, आणि त्या घराला अमावास्येपर्यंत विहीर बंद.

एकदा तारा मंदावला आणि दोष येसू कासारणीवर आला. सकाळी ती सासूला उलट बोलली होती. तिच्या घराला विहीर बंद झाली. दोन-चार दिवसांत तारा उजळला.

"बघा पाटील, बरोबर घाव बसला!" कोतवाल खूश झाला.

पण येसू तान्ह्याला घेऊन चावडीपुढे आली. "पाटीलदादा, ओढ्याचं गढूळ पाणी पिऊन लेकराला जुलाब लागलेत. माझ्यामुळंच तारा विझला, हे कुणी सांगितलं?"

"ताऱ्यानंच सांगितलं," कोतवाल म्हणाला.

"तुमच्या कानात व्हय?" म्हणून ती चालती झाली.

त्या दिवसापासून पाटलाला घास उतरेना. उठायचा, अंगणात जायचा, पुन्हा आत यायचा. बायको म्हणाली, "अहो, बसा तरी नाहीतर उभे तरी राहा!" त्याच्या मनात येई, मागं तारा मंदावला होता तेव्हा चुलींचा धूर आड आला असेल का? पण शेजारचा तारा तर तेव्हाही स्वच्छ दिसत होता. म्हणजे धूर नव्हे, आणि आपले डोळेही नव्हेत. मग काय? विचार करता करता तो एकदम थबकला. चौकशी आपण नेहमी तारा मंदावल्यावरच केली. उजळल्यावर कधी केलीच नाही!

सकाळी त्यानं गाव गोळा केलं. "काल तारा लख्ख होता. काल कुणी काय वाईट केलं, सांगा."

लोक हसले. "आता कसली चौकशी, पाटील?"

"तीच. नेहमीची."

पाटलानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "आधी माझं ऐका. काल मी भावाच्या शेतात बांधाचा दगड हातभर सरकवला. आज तो मागं घेतो."

मग तेली खाकरला, "मी मापात मारलं." कोतवाल पुटपुटला, "मी पहाऱ्यावर झोपलो." शेवटी येसूची सासू म्हणाली, "मी सुनेला उपाशी ठेवलं."

"एवढं सगळं होऊन तारा लख्खच राहिला," पाटील म्हणाला. "मग येसूच्या एका शब्दानं तो विझला कसा? तिची विहीर मोकळी. यापुढं कुणाचीच बंद नाही."

"मग तारा विझतो तरी कशानं?" कोतवालानं विचारलं.

"मला ठाऊक नाही."

पाटलाच्या तोंडचे हे शब्द गाव पहिल्यांदा ऐकत होतं. पाटील उठला, विहिरीवर गेला आणि स्वतः घागर भरून येसूच्या दारात ठेवून आला. येसूनं आधी लेकराला पाणी पाजलं, मग म्हणाली, "दादा, उद्यापासून माझं मी भरीन."

पुढं काही दिवसांनी तारा पुन्हा मंदावला. सवयीनं सगळे चावडीवर जमले आणि एकमेकांकडे संशयानं बघू लागले. पाटील तेवढा मान वर करून ताऱ्याकडे बघत होता.

तात्पर्य: कारण ठाऊक नसेल तर तसं सांगावं आणि शोधत राहावं, आपलं अज्ञान झाकायला दुसऱ्याच्या माथी दोष मारू नये.