डोहावरची कपार

डोंगराच्या पोटात एक ओलसर गुहा होती, आणि मुलांनो, तिच्या छताला तीन जातींची वटवाघळे शेजारी शेजारी लटकत असत. थोरली जात फळे खाई, मधली झाडांमधले किडे टिपी आणि सर्वांत लहान जात पाण्यावर उडणाऱ्या डासांवर जगे. उन्हाळा वर्षागणिक कडक होत चालला होता. एका वैशाखात गुहा इतकी तापली की पिल्ले छतावरून गळून पडू लागली.

थोरल्यांच्या नायकाने डोंगरमाथ्यावरचे रान शोधून काढले. तिथे गारवा होता, उंबर लगडले होते. सर्वांनी तिकडेच यावे, असे त्याने आपुलकीने सांगितले आणि सगळे गेले. थोरल्यांचे बरे चालले. लहानांचे मात्र हाल झाले, कारण माथ्यावर पाणी नव्हते आणि पाण्यावाचून डास कुठून येणार? त्यांच्यातल्या एका म्हातारीचा नातू उपासाने गेला. नायक तिच्या शेजारी येऊन लटकला.

"तुमचा हेतू चांगला होता," म्हातारी म्हणाली. "पण तुम्ही गारवा तेवढा पाहिलात. आमचे पोट कशावर भरते, हे विचारले नाही."

मग दोघे कामाला लागले. कोणाला किती ऊन सोसते, काय खायला लागते, किती लांब उडता येते, हे म्हातारीने एकेकाला विचारून घेतले. नायकाचे सोबती दूरवर फिरून पाण्याची आणि रानाची खबर आणत. उन्हाळा कसकसा डोंगर चढत आला, हे तिने उभ्या आयुष्यात पाहिले होते. तो असाच चढत राहिला तर पुढे कोणती जागा कोणाला राहण्याजोगी उरेल, याचा तिने अंदाज बांधला. मधल्यांसाठी उत्तरेकडच्या उतारावरचे दाट रान निघाले. लहानांसाठी मात्र साऱ्या मुलखात एकच जागा निघाली, बारमाही डोहावरची एक अरुंद कपार. माथाही पुढे तापणार, म्हणून गारव्यासाठी नेमकी तीच थोरल्यांच्याही मनात भरली होती.

"आजी, ती कपार तुमची," नायक म्हणाला. "आमचे पंख मोठे आहेत. आम्ही लांब जाऊ शकतो." आणि आपला थवा घेऊन तो दूरच्या रानाकडे निघून गेला.

पुढच्या वैशाखात डोंगरमाथाही तापला. कपारीत लहानांची पिल्ले सुखाने वाढत होती. म्हातारी मात्र रोज डोहाचे पाणी न्याहाळत असे. आपला अंदाज म्हणजे खात्री नव्हे, हे ती जाणून होती.

तात्पर्य : संकट सर्वांवर एकच आले तरी त्याची झळ प्रत्येकाला वेगळी लागते, म्हणून सर्वांसाठी वाट ठरवण्याआधी प्रत्येकाची गरज विचारून घ्यावी.