ठमाची नवी कवळी

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे गेल्या दिवाळीच्या आसपास, एका गॅरेजसमोर ठमा नावाची म्हातारी पिकअप गाडी विकायला उभी होती. अंगावर नवा लाल रंग, पोटात नवं इंजिन आणि काचेमागे एक बोलकी स्क्रीन.

एक हॉटेलवाला आला. म्हणाला, "हिला दारात उभी करू. मागच्या हौद्यात झेंडू लावू."

"मजा आहे, आजी! बसून खायचं," स्क्रीन म्हणाली.

"इंजिनाची ही नवी कवळी काय फोटोला बसवली गं?" ठमा फणकारली. "मी ओझं वाहणार म्हणजे वाहणार."

हॉटेलवाल्यानं किल्ली फिरवून फिरवून बोटं दुखवली. ठमानं हूं की चूं केलं नाही.

मग आली कुंभारीण हौसाक्का. रंगाकडे न बघता ती सरळ हौद्यात चढली आणि दाणदाण नाचली. "माझे माठ पेलशील का गं बये?"

किल्ली फिरली मात्र, ठमा अशी गरजली की झाडावरचे कावळे उडाले.

बाजाराच्या पहिल्याच खेपेला माठ घासून लांब ओरखडा उठला. "आजी, रंग गेला!" स्क्रीन किंचाळली.

"रंगाचं सोड," ठमा चढावर धापा टाकत म्हणाली. "तुझा मागचा कॅमेरा लाव आणि बघ, एखादा माठ फुटलाय का?"

एकही फुटला नव्हता. स्क्रीन मात्र तेव्हापासून रस्ताभर मागेच बघत असते.