चार वाट्यांचा डोंगर

आधीच माफी मागून ठेवतो. माझी शाळा लवकर सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकतील आणि मोठे शब्द मला सापडणार नाहीत. मुलांना वाचून दाखवताना कुठे अडखळलात, तर तिथे तुमचा शब्द घाला. गोष्ट मात्र हीच ठेवा.

फार पूर्वी, डोंगरांना माणसांची नावं असत तेव्हाची ही गोष्ट. एका नदीकाठी एक गाव होतं. तिथले लोक दगडातून तांबं काढत. कुणी डोंगर खणायचा, कुणी दगड कुटायचा, कुणी भट्टीचा भाता ओढायचा. आजूबाजूच्या साऱ्या मुलखात त्यांचेच हंडे आणि घागरी जात.

गावात एक सुंदर रीत होती. ज्यानं डोंगरात तांबं शोधलं, त्याचं नाव त्या डोंगराला मिळायचं. गावामागचा जुना डोंगर कोयाजीचा होता. कोयाजी जाऊन कितीतरी पिढ्या झाल्या होत्या, पण लहान मुलंसुद्धा म्हणायची, "आई, मी कोयाजीवर चाललो."

कोयाजीचा दगड पिवळाधमक होता. उन्हात धरला की चमकायचा. त्या गावात पोर रांगायला लागलं की आधी पिवळा दगड ओळखायला शिकायचं.

पण एके वर्षी कोयाजी संपला. कितीही खोल गेलं तरी नुसता पांढरा दगड आणि पाणी. भट्ट्या थंड पडल्या. पाटलांनी सांगितलं, "उन्हाळा संपेपर्यंत नवा डोंगर सापडला तर ठीक. नाहीतर गाव मोडायचं. ज्याला जिथे काम मिळेल तिथे त्यानं जायचं."

गावात एक तरुण शोध्या होता. दिवसभर डोंगर हिंडायचा आणि हातोडीनं दगड फोडून बघायचा. उन्हाळा सरता सरता तो नदीपलीकडून धावत आला.

"सापडला!" तो ओरडला. "पिवळा दगड! कोयाजीपेक्षा जास्त चमकतो!"

भातेवाला कट्ट्यावर बसला होता. तो म्हणाला, "वा! मग आता आम्ही काय म्हणायचं, शोध्याचा डोंगर? चढताना जरा बरं वाटेल. तुझ्या डोक्यावर पाय देऊन चढतोय असं!"

सगळे हसले. शोध्याही हसला. पण ते नाव त्याच्या मनात गोड वाजत राहिलं.

डोंगरात तांबं आहे की नाही, हे ठरवायची गावाची एक पद्धत होती. डोंगराच्या पायथ्याला, मध्यावर आणि माथ्यावर दगड खणायचे. जे निघेल ते सगळं एकत्र करून बारीक कुटायचं. त्याचा गोल ढीग करायचा आणि फावड्यानं त्याचे चार वाटे करायचे. समोरासमोरचे दोन वाटे टाकायचे आणि दोन ठेवायचे. उरलेल्याचा पुन्हा ढीग, पुन्हा चार वाटे. असं करत करत शेवटी ओंजळभर भुकटी उरते. ती ओंजळ म्हणजे अख्खा डोंगर. गावच्या पारखीणबाई ती भट्टीत घालून तांबं निघतं का ते बघत.

हे काम शोध्यानं एकट्यानं करायचं असे. साक्षीदार लागत नसे. परत आल्यावर त्यानं भट्टीवर हात ठेवून एवढंच म्हणायचं, "माझ्या हातानं निवड केली नाही."

शोध्या कुदळ घेऊन नव्या डोंगरावर गेला. त्यानं पायथ्याला खणलं, मध्यावर खणलं, माथ्यावर खणलं. पिवळे दगड निघाले, तसे काळेही निघाले. काळे दगड मातकट होते, काजळीसारखे हाताला लागत होते. पिवळ्यांच्या शेजारी ते फार वाईट दिसत होते.

तो मनात म्हणाला, "ही घाण मिसळली तर ओंजळीत तांबं कमी पडेल. मग पारखीणबाई नाही म्हणतील आणि बिचाऱ्या डोंगरावर अन्याय होईल. डोंगराची बाजू कुणीतरी मांडायला नको का?"

त्यानं काळे दगड उचलून दरीत टाकून दिले. मग पिवळ्यांचा ढीग केला आणि अगदी नेमानं त्याचे वाटे पाडले. त्याला वाटलं, आपण गावाचं भलंच करतो आहोत.

गावात येऊन त्यानं भट्टीवर हात ठेवला. "माझ्या हातानं निवड केली नाही," तो म्हणाला. आवाज जरा बारीक निघाला, पण कुणाच्या लक्षात आलं नाही.

पारखीणबाई गावात सगळ्यांत जाणत्या. त्यांनी भुकटी तव्यावर भाजली, तसा असा वास सुटला की पुढे बसलेले मागे सरकले.

भातेवाला नाक धरून म्हणाला, "बाई, हे तांबं आहे की नासकी अंडी?"

"भाता ओढ आणि तोंड मीट," बाई म्हणाल्या. "उघडं ठेवलंस तर वास आतच जाईल."

भाजलेली भुकटी त्यांनी कोळशाबरोबर मातीच्या मुशीत घातली आणि मूस भट्टीत ठेवली. सगळं गाव भट्टीभोवती बसलं. मूस निवली, तशी बाईंनी ती फोडली. आत नुसता काळा, काचेसारखा मळ होता. तांब्याचा एक कणही नव्हता.

मग पाटील उठले. "उद्या सकाळी गाड्या जुंपा," ते म्हणाले आणि डोळे पुसत घराकडे वळले.

शोध्यानं फुटलेली मूस पाहिली. त्याला कळलं, की मुशीत डोंगर गेलाच नव्हता. गेली होती ती त्याची निवड. त्या काळ्या दगडांत काय होतं ते त्याला ठाऊक नव्हतं. कदाचित नुसती मातीच असेल. पण डोंगराची परीक्षा झाली नाही, हे एकट्या त्यालाच माहीत होतं, आणि गाव मात्र त्या परीक्षेवर भरवसा ठेवून मोडत होतं.

बोललं तर काय होईल, तेही त्याला माहीत होतं. ज्यानं निवड केली, त्याचं नाव त्या डोंगराला कधीच मिळत नसे. आणि शपथ मोडलेल्या माणसाची पुढची भुकटी साक्षीदाराशिवाय कुणी घेत नसे. गप्प राहिलं तर सगळे म्हणतील, बिचाऱ्यानं प्रयत्न केला.

"पाटील, थांबा," तो म्हणाला. "मी निवड केली."

भातेवाला ताडकन उठला. "काय म्हणालास? अरे, माझ्या बायकोनं कालच भांडी बांधून ठेवली आहेत!"

"मी पिवळे तेवढे घेतले. काळे टाकले."

पाटलांचा चेहरा लाल झाला. "भट्टीवर हात ठेवून खोटं बोललास?"

"हो," शोध्या म्हणाला. त्याची मान खाली होती. "मला वाटलं, डोंगराला मदत होईल."

पारखीणबाई मात्र रागावल्या नाहीत. त्या जवळ आल्या. "काळे म्हणजे कसे?"

"घाणेरडे. हाताला काजळी लागते."

"चमक?"

"नाही."

"वजन?"

शोध्यानं मान वर केली. "जड होते, बाई. दरीकडे नेताना टोपलीत दोनच घातले, तर तिचा तळ गेला."

बाई पाटलांकडे वळल्या. "आपला पिवळा दगड कोयाजीचा होता. हा डोंगर कोयाजी नाही. ह्याचं पिवळं वेगळं असेल, आणि तांबं त्या जड काळ्यात असेल. गाड्या एक दिवस थांबवा."

"पण त्या काळ्यात तांबं नसलं तर?" पाटलांनी विचारलं.

"तर परवा निघू. पण खऱ्या उत्तरावर निघू."

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव नव्या डोंगरावर गेलं. शोध्यानं खणलं आणि जे निघालं ते सगळं बाईंनी ढिगात घेतलं, पिवळं, काळं, पांढरं, मातीसुद्धा. सगळ्यांच्या देखत चार वाटे झाले. पुन्हा चार, पुन्हा चार. भातेवाल्यानं एक काळा खडा हळूच ढिगाकडे सरकवला, तसा शोध्यानंच त्याचा हात धरला.

"नको, दादा. ह्या बाजूनंही नको."

ओंजळ मुशीत गेली. भाता रात्र पडेपर्यंत चालला. मूस फुटली आणि मळाच्या तळाशी, वाटाण्याएवढा, लालभडक तांब्याचा मणी निघाला. कोयाजीच्या ओंजळीतून कधी एवढा मोठा निघाला नव्हता.

भातेवाल्यानं आनंदानं शोध्याला खांद्यावरच घेतलं. "पाटील, ह्याचं नाव देऊन टाका डोंगराला! सापडला तर ह्यालाच ना?"

पाटील विचारात पडले. गावही कुजबुजू लागलं. एवढं मोठं काम झालं, एक नियम वाकवला तर काय बिघडलं?

"मला खाली उतरव, दादा," शोध्या म्हणाला. खाली उतरून तो पाटलांसमोर उभा राहिला. "नाव देऊ नका. आज माझ्यासाठी नियम वाकवलात, तर उद्या भट्टीवर हात ठेवणाऱ्याच्या शब्दाला किंमत उरणार नाही. आपल्या गावाकडे त्या शब्दाशिवाय दुसरं काय आहे?"

पारखीणबाईंनी गरम भाकरी त्याला स्वतःच्या हातानं वाढली. त्या डोंगराला गावानं 'चार वाट्यांचा डोंगर' असं नाव दिलं. डोंगरांच्या नावांत माणसाचं नसलेलं ते एकच नाव.

तात्पर्य, मला सुचलं तसं: आपल्याला जे खरं असावंसं वाटतं, तेवढंच उचलून परीक्षा घेतली, तर ती परीक्षा आपल्या आवडीची होते, डोंगराची होत नाही. आणि चूक झालीच, तर ती सांगून टाकणारा माणूस नाव गमावतो, पण गाव वाचवतो.

मुलं विचारतात, पुढे त्या शोध्याचं काय झालं? सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाव नव्या डोंगराकडे निघालं, तेव्हा तो हातोडी खांद्यावर टाकून उलट्या दिशेनं चालला होता. भातेवाल्यानं हाक मारली, "अरे, तिकडे कुठे? तांबं मिळालं की!"

"हाही कधीतरी संपेल, दादा," शोध्या म्हणाला. "तू येतोस का साक्षीदार म्हणून?"

भातेवाल्यानं डोकं खाजवलं, भाकरीचं फडकं कमरेला बांधलं, आणि तो त्याच्या मागे निघाला.