चिचुंद्रीचं दार आणि भिकोबाची मोठी पुली

एक होती चिचुंद्री. एवढीशी. नाक लांब, राग त्याहून लांब.

वीटभट्टीच्या कडेला तिचं बीळ. बिळात तिची पोरं. चिचुंद्री गेली किडा आणायला. आली परत, तर दारच नाही. दारावर जीपचं चाक. आत पोरं रडतात, चुंई चुंई, चुंई चुंई.

चिचुंद्री तापली. शेपटी ताठ झाली.

"ए जीप, हल.
पोरं माझी कोंडली."

जीप विटांनी गच्च भरलेली. ढकलून हलायची नाही. जीप म्हणाली, "बॅटरी घोट देत नाही. मी हलणार नाही."

निघाली चिचुंद्री. तुरुतुरु, तुरुतुरु. शिरली बॉनेटखाली.

"ए बॅटरी, घोटभर वीज दे.
जीप काही हलेना,
पोरं माझी कोंडली."

बॅटरी म्हणाली, "एकच घोट उरलाय. तो दिला की मी रिकामी. मग मला कोण भरणार? अल्टरनेटर वीज दळत नाही. मी घोट देणार नाही."

अल्टरनेटर म्हणजे गाडीची चक्की. वीज दळायची चक्की. निघाली चिचुंद्री. तुरुतुरु, तुरुतुरु.

"ए अल्टरनेटर, वीज दळ.
बॅटरी घोट देईना,
जीप काही हलेना,
पोरं माझी कोंडली."

अल्टरनेटर म्हणाला, "मला गरगर फिरायला लागतं. पुली जोरात फिरत नाही. मी दळणार नाही."

पुली म्हणजे अल्टरनेटरच्या नाकावरचं चाक. केवढी मोठी. केवढी चकचकीत. तुरुतुरु, तुरुतुरु.

"ए पुली, जोरात फिर.
अल्टरनेटर वीज दळीना,
बॅटरी घोट देईना,
जीप काही हलेना,
पोरं माझी कोंडली."

पुली म्हणाली, "मी आहे मोठी. मोठं चाक इथं सावकाश फिरतं. त्यात पट्टा मला धरत नाही. मी फिरणार नाही."

चिचुंद्रीचं नाक लाल झालं. पट्टा म्हणजे इंजिनाच्या जोरावर पुली फिरवणारा रबरी पट्टा. तुरुतुरु, तुरुतुरु.

"ए पट्ट्या, पुली धर.
पुली जोरात फिरेना,
अल्टरनेटर वीज दळीना,
बॅटरी घोट देईना,
जीप काही हलेना,
पोरं माझी कोंडली."

पट्टा म्हणाला, "कशी धरू? तिला तेल माखलंय. पाय ठेवला की सर्रर्र. तिच्या खाचा माझ्या मापाच्या नाहीत. भिकोबा पुली बदलत नाही. मी धरणार नाही."

भिकोबा म्हणजे जीपचा मालक. बाभळीखाली बसून भाकरी खात होता. त्याची जुनी पुली कुईं कुईं करायची. म्हणून त्यानं ती काढली. भंगारातून मोठी आणली. मोठी पुली, मोठा दम, म्हणे. दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहिलं. वर पळीभर तेल ओतलं. पुली काय दाराची बिजागरी आहे?

तुरुतुरु, तुरुतुरु.

"ए भिकोबा, पुली बदल.
पट्टा पुली धरीना,
पुली जोरात फिरेना,
अल्टरनेटर वीज दळीना,
बॅटरी घोट देईना,
जीप काही हलेना,
पोरं माझी कोंडली."

भिकोबा म्हणाला, "जुनी पुली मंजुळाकडे. ती देत नाही. मी बदलणार नाही."

मंजुळा म्हणजे भिकोबाची बायको. भट्टीशेजारच्या घरात होती. जुनी पुली तिच्या लोणच्याच्या बरणीवर. झाकणावर वजन म्हणून. तुरुतुरु, तुरुतुरु.

"अगं मंजुळा, पुली दे.
भिकोबा पुली बदलीना,
पट्टा पुली धरीना,
पुली जोरात फिरेना,
अल्टरनेटर वीज दळीना,
बॅटरी घोट देईना,
जीप काही हलेना,
पोरं माझी कोंडली."

मंजुळाही तापलेलीच होती. म्हणाली, "पट्टा ढिला होता, म्हणून कुईं करायचा. मी म्हटलं, पुसा आणि ताणून घ्या. तर मलाच म्हणाले, तुला काय कळतं. ते चुकलं म्हणत नाहीत. मी पुली देणार नाही."

आता मात्र फार झालं. चिचुंद्री उलटी पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

"ए भिकोबा, चुकलं म्हण.
मंजुळा पुली देईना,
पट्टा पुली धरीना,
पुली जोरात फिरेना,
अल्टरनेटर वीज दळीना,
बॅटरी घोट देईना,
जीप काही हलेना,
पोरं माझी कोंडली."

भिकोबा हसला. एका चिचुंद्रीसाठी मी चुकलं म्हणू होय? असं म्हणाला. आणि भाकरीचा अजून एक घास घेतला.

बस्स.

चिचुंद्री शिरली पायजम्यात. चढली पोटरीवर. चावली कचकन.

भिकोबा उठला. नाचला. थयथय, थयथय. चिचुंद्री सोडीना. तोंडात पोटरी, बोलणार कशी? नुसती चावत राहिली.

भिकोबा लंगडत घराच्या दारात गेला. "मंजुळे, चुकलं माझं."

चिचुंद्रीनं पोटरी सोडली.
मंजुळानं पुली दिली. लहानशीच. पण मापाची.
भिकोबानं मोठी काढली, लहान बसवली. तेल पुसलं. पट्टा धुतला, वाळवला, ताणला.
पट्टा म्हणाला, आता धरतो. धरली घट्ट.
पुली म्हणाली, आता फिरते.
अल्टरनेटर म्हणाला, आता दळतो.
बॅटरी म्हणाली, मग घे माझा घोट.
जीप म्हणाली, धड. धडधड. धडधडधड.
पट्टा सळसळ. पुली गरगर. अल्टरनेटर घरघर. बॅटरी भरली टम्म.

भिकोबानं गाडी पुढं घेतली. चाक हललं. दार उघडलं.

पोरं बाहेर आली. मातीनं माखलेली, भुकेजलेली. चुंई चुंई करत आईला बिलगली. चिचुंद्रीनं एकेकाला चाटलं. नाक चाटलं, कान चाटले.

भिकोबानं खाली उतरून हळूच विचारलं, राग गेला का?

"नाही गेला," चिचुंद्री म्हणाली. "गाडी लावायच्या आधी खाली वाकून बघायचं. रोज."

भिकोबा तिथंच वाकला. चारही चाकांखाली बघितलं. मगच गाडीत चढला.

विटा गेल्या गावाला,
पोरं आईच्या पोटाला,
आता तुम्ही मिटा डोळा.