नरसम्माचा मुका कॉम्प्युटर

सोलापुरात, साखर पेठेत, एक होते दस्तगीर उस्ताद, जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणारे. एक होता त्यांचा शिष्य विरूपाक्ष, डिप्लोम्यात पहिला आलेला, म्हणून नाक जरा वर. आणि एक होती नरसम्मा, नवऱ्यामागे सहा मागांचा कारखाना एकटीनं ओढणारी.

तर त्या दुपारी विरूपाक्ष घाम पुसत विचारत होता, "उस्ताद, मेलेला कॉम्प्युटर ओळखायचा कसा?"

उस्ताद बशीतला चहा फुंकत होते. "मारला कुणी?"

विरूपाक्षानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

समोर नरसम्माचा कॉम्प्युटर उघडा पडला होता. पंचवीस वर्षांचा, हळदीसारखा पिवळा पडलेला. मागाला चादरीची नक्षी सांगणारे भोकांचे पुठ्ठे पाडायचं यंत्र फक्त या एका डब्याचं ऐकायचं. नवऱ्यानं जन्मभर काढलेले मोर आणि वेली त्याच्याच पोटात.

सकाळी ती सांगून गेली होती, "चालतो, पण कण्हतो हो भाऊ. जरा दमाचा करून द्या. हैदराबादची ऑर्डर हातची गेली, तर माग विकायला काढावे लागतील."

मग उस्ताद दुपारच्या नमाजाला गेले होते आणि विरूपाक्षाला स्फुरण चढलं होतं. नवी मेमरी घातली, नवी हार्ड डिस्क घातली, पंखासुद्धा नवा. सगळं एकदम. बटण दाबलं...

पंखा फिरला. पडदा काळा. आवाज म्हणून नाही.

"ओळख पटवलीस का एकेकाची?" उस्तादांनी विचारलं.

"लेबलं वाचली ना! मेमरी खाचेत बरोब्बर बसली."

"वा. उद्या माझ्या शर्टाची चिठ्ठी वाचून मला ओळखशील."

तेवढ्यात नरसम्मा दारात. तिनं काळा पडदा बघितला आणि मटकन स्टुलावर बसली.

विरूपाक्षाला मान वर करवेना. "मावशी, माझ्या हातून..."

"आता बोलू नकोस," उस्ताद हलकेच म्हणाले. "ऐक."

त्यांनी डब्याच्या पत्र्याला तळवा टेकवला. मग काढायला लागले. नवी डिस्क काढली. पंखा काढून जुना लावला. शेवटी मेमरीलाही हात घातला.

"उस्ताद! मेमरीशिवाय तो चालणारच नाही!"

"त्याला चाल म्हणतंय कोण?"

बटण दाबलं.

टूंऽऽ... टूंऽऽ... टूंऽऽ...

विरूपाक्ष दचकला. नरसम्मानं कानांवर हात ठेवले. उस्ताद मात्र हसले, सुईण हसते तसे.

"रडला," ते म्हणाले. "जिवंत आहे. मेमरी मागतोय."

नरसम्मानं पदर तोंडाला लावला.

मग एकेक. जुन्या मेमरीचे सोनेरी दात खोडरबरानं घासून ती बसवली. बटण... एक बारीक शिट्टी. पडदा उजळला. नवा पंखा. शिट्टी. नवी डिस्क. शिट्टी. नवी मेमरी...

मुका.

"हीच," विरूपाक्ष पुटपुटला. "खाच जुळली, चाल नाही जुळली."

उस्तादांनी नुसती मान डोलावली. नवी मेमरी काढून ठेवली, जुनी परत बसली.

दिवेलागणीपर्यंत सगळी नक्षी जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर उतरली. पडद्यावर मोर आला, तेव्हा नरसम्मानं बोट पुढं केलं, काचेला न लावता मागं घेतलं.

"त्यांचाच आहे," ती म्हणाली. मग विरूपाक्षाकडं वळली. "तोंड किती सुकलंय रे लेकरा! जेवलास का?"

त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

पुठ्ठे पडले, चादरी विणून झाल्या, वेळेत हैदराबादला पोचल्या. एकाचं बघून दुसऱ्या व्यापाऱ्यानं मागणी धाडली. सालभरात सहाचे नऊ माग झाले, बघा. नव्या मागांच्या पूजेचं बोलावणं गुरु-शिष्य दोघांना आलं.

निघण्याआधी विरूपाक्ष दुकान आवरत होता. खणात ती नवी मेमरी हाताला लागली. त्याचा चेहरा उतरला. ती घेऊन तो कचऱ्याच्या डब्याकडं निघाला.

"का रे?" उस्तादांनी विचारलं.

"हिनंच घात केला होता, उस्ताद."

उस्तादांनी ती त्याच्या हातून घेतली. फुंकर मारली. आपल्या रुमालात अलगद गुंडाळली...

"पोर गुणी आहे, बेटा. घर आपण चुकीचं बघितलं."