चाळीस सह्या आणि बदल्यांची यादी

एका कचेरीतल्या धोंगडे साहेबांचा देवापेक्षा सहीवर जास्त विश्वास. सरकारी पत्रं उघडणारं नवं प्लगइन सगळ्या संगणकांवर बसवायचा हुकूम आला, तेव्हा त्यांनी एक कागद फिरवला. त्यावर ‘बसवले’ म्हणून चाळीस जणांनी सह्या ठोकल्या. पहिली सही अर्थात साहेबांची.

संगणक सांभाळणाऱ्या हेमांगीबाई म्हणाल्या, “साहेब, निम्म्या संगणकांवर ते नाहीच. तपासून येऊ?”

“सह्यांवर संशय घेता? कुणाच्या टेबलाशी जायचं नाही. बसल्या जागेवरून सिद्ध करा, नाहीतर माफीचं पत्र द्या!”

बाईंनी सगळ्यांना एक फाईल धाडली. ती त्या प्लगइनशिवाय उघडत नव्हती. फाईलला नाव दिलं, ‘बदल्यांची यादी’.

पाच मिनिटांत बाईंच्या दारात रांग लागली. “बाई, यादी उघडत नाही हो!” बाई शांतपणे एकेक नाव वहीत लिहून घेत होत्या. बाविसाव्या नंबरला खुद्द साहेब आले, घाम पुसत.

“अहो, माझी बदली कुठे झालीय? फाईल उघडेना!”

“बदली कुणाचीच नाही, साहेब,” बाईंनी वही पुढे सरकवली. “तिथे ‘बसवले’ म्हणून केलीत, तशीच इथे ‘नाही’ म्हणून एक सही करा. सह्यांवर माझाही विश्वास आहे.”