सरकारांचा कच्चा फोटो

“उद्या दुपारी बाराच्या आत मला माझा असा फोटो हवा, ज्यात कुणीही ढवळाढवळ केलेली नाही! ना माणसानं, ना यंत्रानं! दरबारात भिंतीवर लागला पाहिजे. नाहीतर तुझा कॅमेरा जप्त आणि दुकानाला टाळं!”

कुसुंबगडच्या उदाजीराव महाराजांनी हे फर्मान सोडलं ते समोर उभ्या असलेल्या शेवंता तांबटला. बाजारपेठेत तिचा दहा बाय दहाचा स्टुडिओ. परीक्षेच्या फॉर्मचे फोटो, लग्न जुळवायचे फोटो, म्हाताऱ्यांचे पेन्शनचे फोटो. काढला की दहा मिनिटांत हातात. तिचा गुन्हा एवढाच, की युवराजांच्या लग्नाचे फोटो तिनं गर्दीतून काढले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते गावातल्या घराघरांत लागले.

दरबारी छायाचित्रकार दाणेकर यांनीही तेच लग्न टिपलं होतं. आठ महिने झाले तरी ते अजून हळदीच्या रंगावरच अडले होते. वाड्यावर एकही फोटो पोचला नव्हता आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात मात्र युवराज घोड्यावर बसलेले दिसत होते. दाणेकरांचा तिळपापड झाला.

“सरकार, ही बाई जेपेग काढते, जेपेग!” त्यांनी महाराजांचे कान भरले. “म्हणजे कॅमेराच आपल्या मनानं रंग चढवतो, नको ते टाकून देतो आणि शिजवून वाढतो. मी फक्त रॉ काढतो. कॅमेऱ्यानं पाहिलं तसं, कच्चं, अस्सल! तिचे फोटो म्हणजे निव्वळ खोटेपणा!”

महाराजांना नवीन शब्द सापडला की तो आठवडाभर डोक्यातून उतरत नसे. सध्या शब्द होता ‘रॉ’.

“सरकार,” शेवंतानं विचारलं, “फोटो आत्ताच काढू का?”

“काढ!”

तिनं कॅमेरा रॉवर ठेवला, महाराजांचा एकच फोटो काढला आणि मुजरा करून निघाली. दाणेकर मिशीत हसले. रॉ फाइल हाताळायची अक्कल या बाईला कुठून असणार!

घरी येऊन शेवंतानं कॉम्प्युटर लावला. एका सॉफ्टवेअरमध्ये फोटो उघडला, तर महाराज कावीळ झाल्यासारखे पिवळे. दुसऱ्यात तोच फोटो, तर वांग्यासारखे जांभळे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं, तर गुलाबी! तिनं तर कशालाच हात लावला नव्हता.

“आत्याबाई, बघा हो जरा,” तिनं सासूला हाक मारली. “यातले खरे सरकार कोणते?”

“जे उद्या टाळं लावणार ते!” सासू तांदूळ निवडता निवडता म्हणाली. “तुला हसू कसलं येतंय गं?”

पण शेवंता पोट धरून हसत होती. हसून झाल्यावर ती उठली आणि चौकट शोधायला लागली.

दुसऱ्या दिवशी बाराच्या आत दरबारात चौकट लागली. चांगली हातभर, सोनेरी नक्षीची. आत पांढरा कागद आणि मधोमध चिकटवलेलं नखाएवढं मेमरी कार्ड.

महाराजांनी चष्मा लावला. चष्मा काढला. “हे काय?”

“सरकारांचा फोटो!”

“मी कुठाय यात?”

“आतच आहात सरकार, अगदी कच्चे! माणसानं हात लावला नाही, यंत्रानं लावला नाही.”

“अगं, पण दिसत नाही!”

“दिसायचं म्हटलं की कुणाला तरी रंग ठरवावा लागतो. एका सॉफ्टवेअरला सरकार पिवळे वाटतात, दुसऱ्याला जांभळे. कोणतं उघडू? हुकूम व्हावा.”

दाणेकर ताडकन पुढे आले. “मूर्खपणा आहे हा! रॉ असा उघडून सोडायचा नसतो. मी स्वतः बसून, डोळ्यांनी पारखून, एकेक रंग लावतो!”

“म्हणजे ढवळाढवळ तुम्ही करता?”

“ती ढवळाढवळ नव्हे, संस्कार!”

“माझा कॅमेरा संस्कार क्षणात करतो, दाणेकरसाहेब. तुमचे आठ महिने झाले तरी चाललेत!”

दरबारात खसखस पिकली. महाराजांनी हात वर केला. ते हट्टाला पेटले होते.

“ते असू दे! फोटोत खोटं शिरत असेल. पण कॅमेऱ्यासमोर उभा होतो तो मी तरी अस्सल होतो ना? बिनरंगाचा, बिनसंस्काराचा?”

शेवंतानं महाराजांकडे नीट पाहिलं. मिशीचा कलप आज जरा कानापर्यंत गेला होता. अंगरख्याखाली पोटाचा पट्टा असा आवळलेला, की महाराज अर्धाच श्वास घेत होते. फेट्याखाली टक्कल होतं हे तर गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं.

“जिवाला अभय असेल तर बोलते, सरकार.”

“दिलं!”

“मिशी काळी केली, पोट आत घेतलं, टक्कल झाकलं आणि मग सरकार कॅमेऱ्यासमोर आले. दाणेकरसाहेबांनी कितीही रॉ काढला तरी काय उपयोग? सरकार घरूनच जेपेग होऊन येतात!”

दाणेकरांनी डोळे मिटून घेतले.

आणि महाराज हसले! असे हसले, की पट्ट्याचं बक्कल तटकन तुटून दिवाणजींच्या पागोट्यावर आदळलं आणि अडकवून ठेवलेलं पोट ऐटीत बाहेर आलं. तेवढ्यात क्लिक! शेवंतानं फोटो काढला होता.

“जेपेग?” महाराजांनी डोळे पुसत विचारलं.

“जेपेग, सरकार! दहा मिनिटांत भिंतीवर.”

“लाव! आणि आजपासून वाड्यावरचं प्रत्येक लग्न, बारसं, मुंज तुझ्याकडे. बाजारपेठेतली माझी कोपऱ्यावरची दुमजली जागाही तुझी.” मग महाराज वळले. “दाणेकर, तुम्ही लग्नाचा अल्बम सावकाश करा हो. पण सूनबाईंना सातवा महिना लागलाय. नातू आई-बापाचं लग्न बघायला मागेल, त्याआधी तेवढी हळद उरका!”

आणि महाराज पुन्हा खो खो हसायला लागले, या वेळी पूर्ण श्वास घेऊन.